नर्सबाईंची दुपारची फेरी

आई,

तुम्ही गेल्याला आज सतरा दिवस झाले. भेटायला येणारी माणसं पडवीत टेकतात, पाणी पितात आणि म्हणतात, "सुटल्या बिचाऱ्या. आणि विद्या, तूपण सुटलीस." मी मान हलवते. त्यांना काय सांगू? तुम्हाला विचारायचे प्रश्न माझ्याकडे ढीगभर उरलेत आणि उत्तर देणारं माणूसच उठून गेलं. असतात तर म्हणाला असतात, "माका काय इचारतस? इंजिनेर तू मा!"

इंजिनिअर मी आहेच. कणकवलीच्या कॉलेजात मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. सून म्हणून तुमच्या घरात आले तेव्हा तुम्ही आरोग्य उपकेंद्रातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी अख्खी वाडी तुम्हाला नर्सबाईच म्हणायची. तुमचा झील, माझा नवरा, वर्षातले आठ महिने बोटीवर. माझे सासरे, अण्णा, गेल्यावर घरात आपण दोघीच. आपलं फार गूळपीठ होतं असं नाही. तुम्हाला माझी सोलकढी पातळ वाटायची आणि मला तुमचं सकाळी सहाला भांडी वाजवणं सोसायचं नाही. पण डॉक्टरांकडे तुम्हाला घेऊन गेले मीच.

डॉक्टरांनी तुमच्याकडून घड्याळाचं चित्र काढून घेतलं. तुम्ही सगळे आकडे एका बाजूला कोंबलेत. मग ते मला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगू लागले, स्मृतिभ्रंश आहे, वाढत जाणारा आहे. तेवढ्यात आतून तुमचा आवाज आला, "डॉक्टर, माज्या डोक्याचा आसा ना ता? मगे माज्यासमोर बोला." डॉक्टर ओशाळून आत गेले आणि त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून तुम्हाला सांगितलं.

घराजवळ आल्यावर गाडीतून उतरायच्या आधी तुम्ही माझा हात धरलात. "विद्या, तू आता माज्यासाटी कायतरी मशिनी करतलंस, माका म्हायत आसा. कर. पण माका विचारून कर."

"आणि तुमी विसारलास तर?"

"मगे परत विचार," तुम्ही म्हणालात. इतक्या सहज, की मी तेव्हा हसले.

पहिली केली ती गोळ्यांची पेटी. वेळ झाली की कप्प्याचा दिवा लागायचा आणि माझा आवाज यायचा. माइक समोर आला की माणूस पुस्तकी होतो, तशी मीही झाले: "आई, आठ वाजले आहेत. कृपया गोळी घ्या." पहिल्याच सकाळी तुम्ही पेटीचा आवाज ऐकून खुर्चीवरून उठून उभ्या राहिलात, पदर सारखा केलात आणि म्हणालात, "हो सर, घेते." गोळी पोटात गेली. मी खूश. आठवडाभर एक गोळी चुकली नाही. मग हळूहळू लक्षात आलं, पेटी बोलली की पुढचा तासभर तुम्ही घरभर काहीतरी शोधत असायच्या. मंदाला विचारलं. मी कॉलेजात असताना ती तुमच्याजवळ थांबायची. ती म्हणाली, "रजिस्टर सोदतत. सायब तपासणीक इलेत म्हणतत."

आई, तुमच्या आयुष्यात तसलं मराठी बोलणारं जे कोणी आलं ते चुका काढायला आलं होतं, हे मला कुठल्या पुस्तकात सापडणार होतं? मी त्याच संध्याकाळी आवाज बदलला. "आई, आट वाजले. गोळी घेवा." दुसऱ्या दिवशी तुम्ही पेटीशी भांडलात. "घेतंय गो, वायच दम धर. पेज निवता माजी." त्या महिन्यात चार गोळ्या चुकल्या. पण तुमची शोधाशोध थांबली. डॉक्टरांना हिशेब दाखवला तर ते म्हणाले, आधीचीच पेटी बरी होती. मी त्यांचं ऐकलं नाही.

मग फेरी सुरू झाली. दुपारी जेवून तुम्ही थोड्या पडायच्या, आणि तीनच्या सुमाराला उठून ती जुनी काळी पिशवी खांद्याला लावून आवाराच्या गडग्याबाहेर पडायच्या. मंदा दोन-तीनदा तुम्हाला वळवून घेऊन आली. एके दिवशी तिचा डोळा लागला आणि तुम्ही मालवणच्या स्टँडवर जाऊन एसटीत बसलात. मला फोन आला तो थेट तळेऱ्याच्या नाक्यावरून. कंडक्टर सांगत होते, "बाईंनी सांगितलं, मी आरोग्य सेविका आहे, तळेऱ्याला ड्यूटी आहे, उशीर झालाय. इतकं स्वच्छ बोलत होत्या, मला शंकाच आली नाही." तरुणपणी तुमची तिथे दोन वर्षं बदली होती, ते मला नंतर कळलं. तुम्ही नाक्यावर उतरून बाकड्यावर बसलात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना "कितवा महिना?" विचारायला लागलात, तेव्हा कंडक्टरांनी तुमची पिशवी उघडून माझा नंबर शोधला.

मी धापा टाकत पोचले तर तुम्ही एका पोटुशीबरोबर चहा पीत होतात. ती मला म्हणाली, "तुमच्या सासूबाई का? लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, हे मला आज कळलं." तिचा कप भरलेला होता, बाजूला ठेवून दिलेला. तुम्ही तिला सांगितलेलं सगळं बरोबर होतं. घर कुठे आहे तेवढंच तुम्हाला सांगता येत नव्हतं.

बोटीवरून प्रकाशचा फोन आला. "दाराक लॉक लाव. उद्या समुद्रार गेली तर काय करतलंस?" मी कुलूप केलं. आकड्यांचं, आकडा ठाऊक नसेल तर आतून न उघडणारं. काम सफाईदार झालं होतं, आजही म्हणेन. आणि तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, म्हणूनच विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी घरी आले तर मंदा पडवीत रडत बसलेली. म्हणाली, "ताई, दीड तास दार बडवल्यानी. मी हात धरूक गेलंय तर माका ढकलल्यानी. 'दार उघडा, बाय अडली आसा, पाणी गेलाहा तिचा' म्हणान बोंबलत होती." आत तुम्ही दाराला पाठ लावून जमिनीवर बसला होतात. बोटांची पेरं सुजलेली. मी जवळ बसले तशी तुम्ही मला विचारलंत, "बाय जगली काय गो?"

"माका म्हायत नाय, आई."

"जावक होया होता," तुम्ही म्हणालात. रागानं नव्हे. चुकलेल्या माणसासारखं. चूक माझी आणि खंत तुम्हाला.

त्याच दिवशी मी कुलूप उतरवलं. प्रकाशला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मगे आता काय करतलंस?"

"तेंकाच विचारतंय."

घरापुढच्या खळ्यात तुम्ही सुपारी कातरत होतात. मी समोर बसले आणि एक चकती दाखवली, रुपयापेक्षा थोडी मोठी. "आई, तुमी दुपारी जातास, माका भय वाटता. ही तुमच्या पिशयेत घातलंय तर चलात?"

तुम्ही ती उलटीपालटी करून पाहिलीत. "ह्या काय करता?"

"तुमी खंय आसास ता माका कळता."

"आणि माका कळात?"

"नाय."

"मगे काय उपेगाचा!" तुम्ही हसलात. मग म्हणालात, "घाल. पण माज्या कात्रेक हात लावू नको." पिशवीत नाळ कापायची तुमची जुनी कात्री होती, फडक्यात गुंडाळलेली. मी तिला हात लावला नाही. त्या महिन्यात मी तुम्हाला तोच प्रश्न नऊ वेळा विचारला. सात वेळा तुम्ही होय म्हणालात. शेवटच्या आठवड्यात दोनदा नको म्हणालात, तेव्हा मी रजा टाकून तुमच्या मागून चालले.

तीन आठवड्यांनी सगळ्या फेऱ्यांच्या रेषा नकाशावर एकावर एक टाकल्या. मला गुंता दिसेल असं वाटलं होतं. दिसली ती एक जवळजवळ सरळ वाट. गडग्यापासून ओढ्यावरच्या साकवावरून पलीकडे, मग माडांतून खाडीपर्यंत, आणि उन्हं उतरायच्या आत परत. वाटेत सात थांबे, प्रत्येकी दहा-बारा मिनिटांचे. रोज तेच सात. मी कितीतरी वेळ त्या रेषेकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या थांब्यावर गेले. शेवंतीचं घर. कोळंबीची टोपली पुढे घेऊन ती सुंगटं वाळत घालत होती. मी विचारलं, नर्सबाई इथे येतात का?

"येतत मा. रोज येतत. पाणी पितत आणि इचारतत, पोर दूद पिता काय?"

"मगे तुमी काय सांगतास?"

"पिता म्हणान सांगतंय." शेवंती हसायला लागली. "तेची आता दाढी पिकूक लागली. गोव्यात ड्रायवर आसा. पण बाईंनी तेका उलटो पायांनी काढलेलो, माका इसराक होणा नाय. मगे सांगूक काय जाता, पिता म्हणान?"

मला वाटत होतं तुम्ही भरकटताय. वाडीला वाटत होतं तुम्ही भेटायला येताय. मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या दृष्टीनं सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं.

एकेक घर करत गेले. सगळीकडे तुमच्या हातची बाळंतपणं. एका घरात जुळी, एका घरात दीड दिवस अडलेली. पाचव्या घरात सुमनकाकू होत्या. त्यांचं पहिलं मूल तुमच्या हातात आलं, पण रडलं नाही. त्या म्हणाल्या, "माज्याकडे बाई काय्येक इचारनत नाय. नुसती बसतत. माजो हात धरतत, पाणी पितत आणि जातत."

आई, हे कसं? सकाळी पेज खाल्ली की नाही ते तुम्हाला सांगता येत नव्हतं. माझं नाव तीनदा चुकायचं. मग चार घरांत मुलाची चौकशी करायची आणि पाचव्या घरात करायची नाही, हे कोण लक्षात ठेवत होतं? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, भावनेची स्मृती वेगळ्या जागी असते, ती उशिरापर्यंत टिकते. खरं असेल. पण मला जागा कळून काय करायची? मला त्या उंबऱ्यावर पाय ठेवताना तुमच्या आत काय व्हायचं ते हवं आहे. आणि शेकड्यानं बाळंतपणं केलीत, मग हीच सात घरं का? सुमनकाकूंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "वाटेवर पडतत म्हणान आसात." असेलही तसं. माझं समाधान झालेलं नाही.

तुम्हाला थांबवायचा नाद मी सोडला आणि वाट राखायच्या मागे लागले. सात घरांत सात पेट्या. तुम्ही जवळ आलात की पेटी वाजणार, घरच्या बाईनं बटण दाबलं की मला आणि बाकीच्या सहा घरांना फोनवर कळणार. पहिल्याच दिवशी शेवंतीनं पेटी परत आणून दिली. "ह्येचो आवाज आयकान बाई दचाकतत. नुसतो दिवो पेटूंदे." आवाज काढला, दिवा ठेवला. सहाव्या घरच्या आजींना बारीक बटण दिसेना, म्हणून दाराच्या बेलचं मोठं बटण बसवलं. खाऱ्या वाऱ्यानं दोन महिन्यांत तारा गंजल्या, तेव्हा सगळं सामान मुलांच्या शाळेच्या प्लास्टिकच्या डब्यांत घातलं. माझ्या विद्यार्थ्यांना आता मी तेच डबे दाखवते. ते हसतात.

एका दुपारी तिसऱ्या घराचा निरोप आला आणि चौथ्याचा आलाच नाही. मी कणकवलीत वर्गात होते. मी फोन उचलायच्या आत शेवंती आणि चौथ्या घरची सून दोन्ही बाजूंनी निघाल्या होत्या. तुम्ही वाटेतल्या गडग्यावर बसला होतात, चपलेचा पट्टा तुटला म्हणून. सुनेनं स्वतःची चप्पल तुम्हाला दिली आणि ती अनवाणी तुमच्याबरोबर पुढचे सगळे थांबे करत फिरली. दीड वर्ष ही फेरी चालली, आई. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते आहे, आणि त्यातलं निम्मं माझं नाही.

मग ती संध्याकाळ. त्या दिवशी तुमचं डोकं लख्ख होतं. फेरीहून येऊन पाय धुतलेत आणि मला विचारलंत, "विद्या, ही बायका माका खोटा सांगतत काय गो?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "होय, आई."

"पोरां मोठी झाली ना?"

"झाली."

तुम्ही विचार केलात. "बरा करतत. मीय सांगी. बाळंतिणीक सांगी, झाला गो, आता वायच रवला. आणि मगे चार-चार तास जायत." मग म्हणालात, "पण तू सांगू नको. घरात एक माणूस तरी खरा बोलणारा होया."

मी हो म्हटलं. इथे आपला वाद सुरू झाला, आणि तुम्हाला ठाऊकच नाही की तो झाला. कारण पुढच्याच पावसाळ्यात तुम्ही विचारायला लागलात, "हे खंय गेले?"

पहिल्यांदा मी खरं सांगितलं. "अण्णा गेले, आई. आट वर्सां झाली." तुम्ही मोठ्यानं रडलात. कधी, कसे, मी खंय होतंय, सगळं विचारलंत. मी सगळं सांगितलं. तासाभरात विसरलात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलंत. पुन्हा सांगितलं. तुम्ही पुन्हा तितक्याच रडलात, कारण तुमच्यासाठी ते पुन्हा त्याच क्षणी गेले होते. अकरा दिवस मी तुमच्या शब्दाला जागले आणि अकरा वेळा तुम्हाला विधवा केलं. बाराव्या दिवशी म्हटलं, "बाजारात गेलेत." तुम्ही म्हणालात, "सुंगटां आणूक सांगलंस?" आणि हसलात.

त्यानंतर मी रोज खोटं बोलले. कधी बाजार, कधी बांद्याला पाहुण्यांकडे. हे तुम्हाला कबूल करायचं राहून गेलं, म्हणून आता करते आहे. मी कुठे चुकले? अकरा दिवस, की नंतर? डोकं लख्ख असताना दिलेला शब्द ते मळभलेलं असतानाही पाळायचा की अण्णांची वाट बघणाऱ्या त्या बाईला तिचं सुख द्यायचं? त्या दोघींतली माझी सासू कोणती होती? असला विचार करणारी पेटी मला बनवता येत नाही. शेजारच्या गावातून एक मुलगी आली होती, तिच्या वडिलांसाठी काही करता येईल का विचारायला. करीन म्हटलं. पण हा प्रश्न तिनं विचारला तर सांगायला माझ्याकडे काहीही नाही.

शेवटचे चार महिने तुम्हाला चालवेना. मग दुपारी तीनला त्या बायकाच यायला लागल्या, आळीपाळीनं. तुमच्या खाटेजवळ बसून स्वतःच सांगायच्या, पोर दूद पिता हां, बाई. सुमनकाकू नुसता हात धरून बसायच्या. तुम्ही मंगळवारी गेलात; सुमनकाकू आदल्याच दिवशी येऊन गेल्या होत्या. तुम्हाला श्वास लागला सकाळी, आणि दुपार व्हायच्या आत सगळं संपलं. प्रकाश पुढच्या बंदरावर उतरून चौथ्या दिवशी पोचला. तो तुमच्या पिशवीपाशी बसून राहिला.

पण सोमवारचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. सुमनकाकू गेल्यावर तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "हे खंय गेले?" माझ्या तोंडात बाजार आला होता. काय झालं कुणास ठाऊक, मी तो गिळला. म्हटलं, "आई, अण्णा गेले. बरीच वर्सां झाली." आणि तुमच्या रडण्याची वाट बघत घट्ट होऊन बसले.

तुम्ही रडला नाहीत. माझ्याकडे बघत राहिलात, चेहऱ्यावरून केसांपर्यंत, एखाद्या बाईला तपासावं तसं. मग हात उचलून माझ्या कपाळावर ठेवलात. आणि म्हणालात, "एकटीन केलंस सगळा?"

हे तुम्ही मला विचारलंत, अण्णांच्या मागे घर धरून बसलेल्या सुनेला? की तुम्ही पोचायच्या आधीच मोकळ्या झालेल्या कुठल्या तरी बाळंतिणीला? मला तेव्हा कळलं नाही. सतरा दिवस विचार करते आहे, अजून कळलेलं नाही. पण उत्तर दोघींचंही एकच होतं, म्हणून ते मी दिलं.

"नाय ओ. तुमी होतास मा."

"मगे बरा," तुम्ही म्हणालात, आणि माझ्या हातून पाणी प्यायलात.